हयात की मयत

त्या वर्षी गणपती कोरडे आले आणि कोरडेच गेले. वसाहतीतल्या घरगुती मूर्ती एकाच ड्रमात एकामागून एक बुडवून बाहेर काढल्या. भाद्रपद अर्धा सरला तरी टँकर चालूच होते. जालना रस्त्यानं शेंद्र्याकडं जाताना, जिथं थोड्याच वर्षांपूर्वी ज्वारी उभी असायची, तिथं प्लॉट पडले होते, प्लॉटवर घरं उभी राहिली होती, घरांना नळही बसवले होते. नळांना पाणी यायचं तेवढं राहिलं होतं. सकाळी जाग यायची ती आवाजांनी. कोणीतरी ड्रमवर बोटं वाजवून पाही, किती उरलंय ते. भरलेला ड्रम बद्द वाजतो, रिकामा घुमतो. ते घुमणं कोणाच्या घरातलं हे मला अंथरुणात पडल्यापडल्या कळायचं. मग कोपऱ्यावर टँकरचा मागं येण्याचा भोंगा, जाड पाइप जमिनीवर आपटल्याचा आवाज, आणि बायकांच्या स्लिपरांची धावपळ.

आईनं स्वयंपाक पाण्याच्या मापानं बदलून टाकला होता. भात कमी, कारण तांदूळ धुवावे लागतात. पालेभाजी बंद. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, असलं तर दही, आणि कधीतरी येसराची, भाजलेल्या पिठामसाल्याची, आमटी, तीही ताटात न वाढता वाटीत, कारण वाटी चुळकाभर पाण्यात निघते. धपाटे आम्ही वर्तमानपत्राच्या कागदावर घेऊन खात असू. आईला ते आवडायचं नाही. ती कागद चौकोनी, नीट फाडायची आणि त्यावर फोटो कोणाचा येणार नाही हे बघायची. तिची अशी खूप पथ्यं होती. त्यातलं एक पथ्य बाबांविषयीचं होतं, आणि ते आम्ही दोघी मिळून पाळायचो, एकमेकींशी एक अक्षरही न बोलता.

बाबा एका दुपारी लासूर स्टेशनला जायला म्हणून निघाले. तिथं त्यांचा धाकटा भाऊ, माझे अण्णाकाका, भुसार मालाच्या आडतीवर काम करायचे. काका फलाटावर उभे होते. गाडी आली, थांबली, गेली. बाबा उतरले नाहीत. त्या गाडीत चढताना त्यांना एका ओळखीच्या माणसानं पाहिलं होतं. त्यापुढं आजतागायत काहीही नाही. मी तेव्हा चौथीत होते. पोलिसांत जाऊन झालं, रुग्णालयं पाहून झाली, जोतिषी झाले, कोणी नाशिकला पाहिलं म्हणालं, तिकडं जाऊनही झालं. मग हळूहळू माणसं त्यांच्याविषयी बोलायची थांबली. माझ्या इंग्रजी शाळेत पालकसभेच्या वेळी मी बाईंना सांगायचे, फादर इज आउट ऑफ स्टेशन. हे वाक्य मला फार सोयीचं वाटायचं. मराठीत ते बोलायची पाळी आली की माझी जीभ अडायची, म्हणून मी मराठीत कमीच बोलायला लागले. लोक म्हणायचे, मुलगी लाजाळू आहे.

आई मात्र खोटं बोलायची नाही. नव्या वसाहतीत राहायला आलो तेव्हा शेजारणींनी आपणच ठरवून टाकलं की देशपांडे सोलापूरकडं नोकरीला आहेत. आईनं त्याला होही म्हटलं नाही आणि नाहीही. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात काचेच्या बांगड्या. पण कुठल्याही कागदावर बाबांच्या नावापुढं ‘हयात’ की ‘मयत’ असं विचारलेलं असलं की ती नाव स्वच्छ अक्षरात लिही, आणि पुढची जागा तशीच सोडून पेनाचं टोपण लावी. कारकून बहुतेकदा लक्षच द्यायचे नाहीत.

मी नोकरी करत होते ती उस्मानपुऱ्यात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली कंपाउंडर नावं पुकारायचा आणि वर आम्ही संकेतस्थळं बनवायचो. कदम सर मालक. गंगापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातले, शिकून पुण्याला गेलेले, आणि तिथं जीव रमेना म्हणून परत आलेले. सलीम माझ्या शेजारच्या खुर्चीवर. त्याचं तोंड दिवसभर चालू, माझं बंद, त्यामुळं आमचं बरं जमायचं. त्या पावसाळ्यात सरांना आमच्या भागातल्या वसाहतींच्या पाणी समितीचं काम मिळालं. टँकरवरून रोज भांडणं व्हायची, कोण दोनदा भरून घ्यायचं, कोण कोरडं राहायचं. ते थांबावं म्हणून प्रत्येक घराची नोंद करायची आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या गल्लीत कुठल्या घराला पाणी द्यायचं याचा तक्ता रोज संध्याकाळी आपोआप निघाला पाहिजे, असं ते काम होतं. त्यात आमचीही वसाहत आहे हे मी सरांना सांगितलं नाही, आणि हे काम आमच्या ऑफिसात आहे हे आईलाही नाही.

या नोंदी कशा ठेवल्या होत्या ते इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सरांनी रचना केली ती त्यांना माहीत असलेल्या जगासारखी. सगळ्यात वर कुटुंबप्रमुख. त्याच्याखाली घर, घराखाली माणसं, माणसांखाली ड्रम आणि पाण्याची पाळी. सगळं प्रमुखाच्या नावाला टांगलेलं. प्रमुखापुढं एक रकाना, हयात की मयत. मयत असेल तर वारसानं नवा फॉर्म भरायचा आणि तोपर्यंत घराचं पाणी थांबवायचं, असा समितीचा नियम होता. लोकांनी फॉर्मवर खूण केली असेल तर ती भरायची, नसेल तर रकाना रिकामा. संगणकाच्या भाषेत त्या रिकामेपणाला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही, मोकळी ओळही नाही. नल म्हणजे माहीत नाही. कॉलेजात मी हे पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं.

नव्या तक्त्याप्रमाणं पाणी वाटायला सुरुवात झाली त्या सकाळी टँकर आमच्या गल्लीत आला, शेजारच्या काळ्यांकडं थांबला, आणि पुढं आमचं घर सोडून सरळ पलीकडच्या दाराशी गेला. आई पदर खोचून ड्रमापाशी उभी होती.

“अहो भाऊ, आमचं राहिलं.”

ड्रायव्हर गजानन नावाचा बाप्या माणूस होता. त्यानं खिशातून कागद काढून पाहिला. “तक्त्यात घर नाय तुमचं, मावशी.”

“नाय कसं? मागच्या खेपेला तुम्हीच दिलंत ना?”

“मागच्या खेपेला कागुद नव्हता. आता कागुद हाय. ह्याच्याभायेर थेंब दिला तं मला कामावरून काढतेत.” तो पाइप ओढत म्हणाला. “मालकाला पाठवा ना समितीत. दोन मिन्टाचं काम हाय.”

पलीकडच्या दारातून कोणीतरी हसून म्हणालं, “देशपांडे साहेबांना सोलापूरहून बोलवा आता पाण्यासाठी!” हसणं वाईट हेतूचं नव्हतं. पण आई ड्रमावर झाकण ठेवून आत आली आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. ड्रमात गुडघाभर पाणी होतं. पुढची पाळी एक दिवस सोडून. काळेकाकूनं एक कळशी आणून दिली, ती देताना तिला जे काही विचारायचं होतं ते तिनं विचारलं नाही, आणि ते न विचारणं सगळ्या घरभर पसरलं.

ऑफिसला पोचेपर्यंत मला कारण सुचलं होतं. संगणकाला तक्ता काढायला सांगणारी ओळ मी उघडून पाहिली. सरांनी लिहिलं होतं, ज्यांचा प्रमुख मयत नाही ती घरं आण. माणसाच्या भाषेत हे बरोबर आहे. पण जिथं काहीच माहीत नाही तिथं संगणक ‘मयत नाही’ असंही म्हणायला तयार होत नाही. हयात आणा म्हटलं तरी ती घरं येत नाहीत, मयत नसलेली आणा म्हटलं तरी येत नाहीत. दोन्ही चाळण्यांतून ती खाली पडतात आणि पडल्याचा आवाजही होत नाही. अशी बरीच घरं निघाली. मी सरांना दाखवलं.

सर कपाळावर हात मारून हसले. “आयला! म्हून सकाळपासून फोन वाजायलाय.” मग गंभीर झाले. “पण मंजिरी, त्याच्यात बोगस बी आसतील. एकाच घराचे दोन फॉर्म भरल्यालेत लोकांनी. सरसकट घेऊ नको. आसं कर, हा रकाना सक्तीचा करून टाक. दोनच शब्द. सलीम, तू समद्यांना फोन लाव. उद्या पाचच्या तक्त्याआधी ज्यांचं कळंल ते भरायचं, ज्यांचं नाय कळणार ते उडवून टाकायचं. पाणी पायजे आसंल तं येतेल नवा फॉर्म घेऊन.”

“उडवायचं म्हणजे प्रमुखाची नोंद?” मी विचारलं.

“व्हय. मग दुसरं काय?”

सर खाली चहाला गेले. मी नोंदींची एक नक्कल काढून घेतली, कामाच्या आधी तपासून बघायची आमची पद्धतच होती. नकलेत एखाद्या प्रमुखाची नोंद काढून बघायची. कुणाचीही चालली असती. मी आमची घेतली. बाबांचं नाव दिसलं, त्यापुढची मोकळी चौकट दिसली. मी ती नोंद काढली आणि मग आमचं घर शोधलं. घर नव्हतं. आईचं नाव शोधलं, नव्हतं. माझं नाव मीच टाइप करून शोधलं. एकही नोंद सापडली नाही, असं पडद्यावर आलं. वरचं काढलं की खालचं सगळं आपोआप जावं, मागं कचरा राहू नये, अशी ती सोय असते, आणि ती अगदी चोख चालली होती. मी बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिले. सलीमनं फोनवर हात ठेवून विचारलं, “क्या हुआ रे, भूत देखी क्या?” मी नाही म्हणून मान हलवली.

एक सोपा रस्ता होता, तो मला तेव्हाच दिसत होता. एक शब्द भरायचा. ‘हयात’ लिहिलं की परवा सकाळी पाणी. कोणी तपासायला येणार नव्हतं. पण आईनं इतकी वर्षं जे लिहिलं नाही, ते मी उस्मानपुऱ्यातल्या कीबोर्डवरून लिहायचं, हे माझ्या हातून होईना.

घरी आले तर पायरीवर काकांच्या वहाणा. अण्णाकाका लासूरहून आले होते. काका आले की बरोबर पिशवीभर काहीतरी असायचं, या वेळी फक्त लिंबं होती, तीही सुकलेली. आईनं त्यांना अर्धा पेला पाणी दिलं होतं आणि त्यांनी त्यातलंही निम्मं ठेवलं होतं. मी आत जाऊन धपाट्याचं पीठ मळायला घेतलं. दोन्ही खोल्यांच्या मधे नुसता पडदा होता.

“वहिनी, बारा वर्षं झाली,” काका म्हणाले.

“मला ठाऊक आहे, भाऊजी.”

“गुरुजींना विचारलं मी. बारा वर्षं वाट बघून झाली की करतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, तोच माणूस समजून अग्नी द्यायचा, मग दिवस घालायचे. शास्त्रात आहे. आपल्या मनाचं काही नाही.”

माझा हात पिठात थांबला. पुतळ्याला अग्नी दिला की पुढं काय काय जातं ते मला माहीत होतं. आईचं कुंकू, बांगड्या, चैत्रातलं हळदीकुंकू. दुपारी संगणकाच्या पडद्यावर पाहिलं होतं तसंच, एकाखाली एक.

“मंजूचं लग्न करायचं म्हणजे,” काका पुढं म्हणाले, “लोक विचारतात, वडील काय करतात. काय सांगू मी?”

“मंजूच्या लग्नाचं माझं मी बघेन.”

“बरं, तिचं राहू द्या.” काकांचा आवाज एकदम बारीक झाला. “माझं सांगतो. पितृपक्ष लागला. मी वडलांच्या नावानं पाणी सोडतो, आजोबांच्या नावानं सोडतो. मग हात थांबतो माझा. दादाचं नाव घ्यावं का नाही? घेतलं आणि तो कुठं जिवंत असला तर? नाही घेतलं आणि नसला तर? तहानलेला ठेवला मी त्याला इतकी वर्षं? फलाटावर मी उभा होतो, वहिनी. तुम्ही नव्हतात.”

काकांना रडताना मी पहिल्यांदा ऐकलं. तोपर्यंत मला ते आईला छळायला आले आहेत असंच वाटत होतं. आई थोड्या वेळानं म्हणाली, “उद्या संध्याकाळी सांगते.” जेवताना तिघंही कागदावर धपाटे घेऊन बसलो आणि कोणी कोणाकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सलीम सकाळपासून फोनवर होता. हात मोकळे राहावेत म्हणून तो फोनचा आवाज मोठा करून ठेवायचा, त्यामुळं सगळ्या वसाहतींची घरं आमच्या खोलीत येऊन बोलत होती. एक आजोबा चिडले, “अरे लेका, मी स्वतः बोलतोय ना तुझ्याशी? मग हयात का मयत काय विचारतोस?” एक बाई म्हणाली, “हयात हायत, पर कामाचे नाईत. तसं काई लिव्हायला जागा हाय का?” सलीम हसून हसून लाल झाला. एकीचा नवरा सौदीत, सहा महिने फोन नाही. तिला तो म्हणाला, “हयात लिखता मावशी, अल्लाह करे,” आणि पुढचा नंबर दोनदा चुकवला. मी पाठ करून काम करत होते, आणि प्रत्येक नंबर फिरवला की माझे कान तिकडं लागत होते. दुपारी जेवण झाल्यावर त्यानं एक नंबर फिरवला आणि पलीकडून आईचा आवाज आला.

“नमस्कार मावशी, पाणी समितीकडून बोलतोय. फॉर्ममधे देशपांडे साहेबांच्या पुढं खूण नाही. हयात आहेत ना?”

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. आईनं गॅस बारीक केला असावा.

“दोन्हीतलं एक सांगायलाच हवं का?” तिनं विचारलं.

“मशीन घेत नाही ना मावशी दुसरं काही. एक बोला फक्त, मी भरतो.”

“मग तुमच्या मशीनला सांगा, मला माहीत नाही.”

सलीमची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. आई बोलत राहिली, संथ, जणू किराणा सांगावा तशी. “बारा वर्षांपूर्वी गाडीत बसले. उतरले नाहीत. आहेत म्हटलं तर खोटं, नाहीत म्हटलं तरी खोटंच. मला माहीत नाही.”

“माफ करा मावशी. मला...”

“माफी कशाला मागता? तुम्ही विचारलंत तरी. इथं कोणी विचारत नाही.” मग ती जरा थांबली. “पाणी मिळेल ना पण?”

“मी बोलतो सरांशी. मिळेल.”

“आणि एक करा. माझी मुलगी तिकडं उस्मानपुऱ्यात कुठंतरी कॉम्प्युटरवर काम करते. अशी कामं तुमच्या लोकांत इकडून तिकडं जातात. तिच्यापर्यंत हे जाऊ देऊ नका. तिला त्रास होतो त्याचा.”

फोन बंद झाल्यावर खोलीत फक्त पंखा फिरत होता. खाली कंपाउंडर कोणाचं तरी नाव पुकारत होता. सलीमनं माझ्याकडं पाहिलं नाही. तो पडद्याकडं बघत राहिला, मग खुर्ची मागं सरकवून म्हणाला, “चाय मंगाता.” चहा येईपर्यंत तो काही बोलला नाही, त्याच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल. कप माझ्यासमोर ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, “क्या लिखना, तू बोल. तू बोली वहीच लिखता मैं.”

“काही लिहू नकोस.”

“सर खाली जगह नहीं छोडते रे. पाच बजे उडा देते.”

“सरांशी मी बोलते,” मी म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते माझ्या नंतर लक्षात आलं. त्या ऑफिसात तोपर्यंत कामापलीकडचं एक वाक्यही मी आपणहून बोलले नव्हते.

सर समितीच्या अध्यक्षांशी फोनवर वाद घालत होते. त्यांनी हातानंच काय म्हणून विचारलं. ते फोन ठेवीपर्यंत मी उभी राहिले.

“सर, तो रकाना सक्तीचा नको. रिकामा राहू द्या.”

“आन् मग तक्ता कसा काढू? काल तूच दाखवलंस ना, रिकामा आसला की घर गळतंय?”

“तक्त्याची ओळ बदलू या. घर प्रमुखाला टांगलेलं नको. घर आपलं आपण उभं असावं. प्रमुख कोण, ते त्या घरावर नुसतं लिहिलेलं असावं. ते नाव निघालं तर तेवढी जागा रिकामी होईल, खालची माणसं जाणार नाहीत. आणि पाणी घरात राहणाऱ्या माणसांना द्यायचं. त्यांची खात्री सलीमनं केलीच आहे.”

“वाजले किती बघ. पाचाला कागुद जातोय.” सर वैतागले होते. “आन् कशासाठी? चार घरांसाठी? माणूस हाय, न्हाईतर न्हाई. तिसरं काय आसतंय त्याच्यात?”

“सर, तिसरं आमच्या घरी आहे,” मी म्हणाले.

त्यांना कळलं नाही. मग मी सांगितलं. लासूरची गाडी, अण्णाकाका, आईची पेनाचं टोपण लावायची रीत. मराठीत सांगितलं, अडखळत, आणि सगळं. किती वेळ लागला कोण जाणे. दारात सलीम येऊन उभा राहिला होता. कदम सर ऐकताना टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते, तो मधेच थांबला.

“ह्याच यादीत हाय तुझं घर?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“काल टँकर आला नाय?”

“नाही.”

सर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. सहानुभूतीचे शब्द त्यांना कधी सापडायचे नाहीत, आणि त्या दिवशी ते न सापडल्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. ते एवढंच म्हणाले, “पाचाच्या आत व्हतंय का तुझ्याच्यानं?”

“होईल.”

“मग उभी कामून? बस. सलीम, तिला चहा दे, आन् मला कोणाचा फोन आला तं सांग, कदम मेला.”

“हयात लिखू की मयत, सर?” सलीम म्हणाला. आम्ही तिघंही हसलो, आणि हसताहसता मला रडू आलं, ते मी पडद्याकडं तोंड करून जिरवून घेतलं.

काम फार मोठं नव्हतं. एका ठिकाणची सक्ती काढायची, दुसऱ्या ठिकाणी वरची नोंद गेल्यावर खालच्या पुसण्याऐवजी फक्त तो दुवा मोकळा करायचा, आणि तक्त्याच्या ओळीत माहीत नसलेल्यांना नाव घेऊन बोलवायचं. न बोलवता ते येत नाहीत. नक्कल पुन्हा घेतली, पुन्हा बाबांची नोंद काढून पाहिली. या वेळी आई जागेवर होती, मी होते, ड्रम होता. मग नक्कल फेकून दिली आणि खऱ्या नोंदींना हात लावला. बाबांच्या नावाला हात लावला नाही. तक्ता वेळेत गेला की थोडा उशिरा, ते मला आठवत नाही. आमच्या गल्लीतली घरं त्यात ओळीनं होती आणि त्यात आमचं होतं, हे मी बोट ठेवून पाहिलं.

पुढं मी या धंद्यात बरीच वर्षं काढली, मोठ्या शहरांत, मोठ्या लोकांबरोबर. रिकामे रकाने सगळ्यांनाच खुपतात. काहीतरी भरा आणि मोकळे व्हा, असं प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतंच. आई गेली तेव्हा दाखल्यासाठी कारकुनानं मला विचारलं, सधवा की विधवा. मी म्हणाले, माहीत नाही. तो माझ्याकडं बघत राहिला, आणि मग त्यानं आपल्या मनानं काहीतरी लिहिलं. मी ते वाचलं नाही.

तक्ता गेला त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा काका पायरीवर बसले होते. आईनं मला आत बोलावलं नाही, बाहेरच ती काकांसमोर येऊन उभी राहिली, आणि मीही तिथंच थांबले. शेजारच्या दारात काळेकाकू गहू निवडत होती. आईनं आवाज खाली केला नाही.

“भाऊजी, आज एका पोरानं फोनवर विचारलं, मी सांगितलं त्याला. माहीत नाही म्हणाले. तोंडानं म्हणाले, पहिल्यांदा. तेच तुम्हालाही सांगते. मला माहीत नाही, म्हणून मी त्यांना अग्नी देऊ देणार नाही. माझ्या हयातीत नाही.”

काकांनी मान खाली घातली.

“पण तुम्ही पाणी सोडा,” आई म्हणाली. “तुमचा हात थांबवू नका. नाव घेऊ नका, कोणाचंच घेऊ नका. नुसतं सोडा. जिथं असतील तिथं त्यांना मिळेल. जिवंत माणसालाही तहान लागतेच की.”

काळेकाकूचं सूप हातात तसंच होतं. काका उठले आणि खाली वाकून वहिनीच्या पाया पडले, आणि आई घाईघाईनं मागं सरली. “मंजू,” ती माझ्याकडं वळून म्हणाली, “तुला कोणी काही बोललं का आज ऑफिसात?”

“तुझ्याशी फोनवर बोलला तो सलीम आमच्याच ऑफिसातला आहे, आई.”

तिनं माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली आणि म्हणाली, “चांगला मुलगा आहे. मधे बोलला नाही.”

सकाळी टँकर आला. गजाननानं कागद पाहिला, आमच्या दाराशी थांबला आणि पाइप ड्रमात सोडला. काका टँकरच्या मागं उभे राहून ड्रम भरताना बघत होते, पाणी वर येताना त्याचा आवाज घुमण्याकडून बद्दकडं जात होता. नळी काढताना चार थेंब सांडले, तेवढ्यानंही काका चुकचुकले. दुपारच्या गाडीनं ते निघाले. आई त्यांना सोडायला स्टेशनवर गेली. बाबा जिथून गाडीत चढले त्या फलाटावर बारा वर्षांत तिनं पाय ठेवला नव्हता. मी येते म्हणाले, तर नको म्हणाली.

परत आल्यावर ती फोनजवळच्या स्टुलावर बसली. हातात भाजी नाही, निवडणं नाही, नुसती बसली. आमच्या घरून कोणीही कुठंही गेलं तरी पोचल्याचा फोन करायची पद्धत नव्हती. आई तो फोन कोणाला करूच द्यायची नाही. कोण पोचलं ते कळलं की कोण नाही पोचलं तेही कळतं, असं काहीसं तिच्या मनात असावं. त्या दिवशी तिनं काकांना करायला सांगितलं होतं. ऊन ओसरीवरून खाली उतरलं, काळेकाकूचा रेडिओ लागला आणि बंद झाला. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. कधीतरी फोन वाजला, आणि तिनं पहिल्या घंटीला उचलला.

“पोचलात?” ती म्हणाली. पलीकडून काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. आईनं डोळे मिटले.

“बरं,” ती म्हणाली. “बरं. ठेवते.”